दातांवरून ओळखणारा

नव्वदच्या दशकात आम्ही नवरा-बायको स्कूटरवरून बंगळूरच्या आसपासची विचित्र संग्रहालयं धुंडाळायचो. मल्लेश्वरममध्ये किक मारली की आवाजानं म्हैसूर जागं व्हायचं! त्याच म्हैसूरच्या रस्त्यावर एका निवृत्त दंतवैद्यानं घरात जबडे मांडले होते. पेशंटांच्या दातांचे प्लास्टरचे साचे, छतापर्यंत. दोन लाख तरी असतील. बायको म्हणते, दोनशे.

म्हातारा आमच्यासारखाच बंगळूरचा जुना मराठी. बोलताना डोळ्यांत बघायचा नाही, थेट तोंडात बघायचा. माझ्या कुठल्याशा थापेवर बायको खळखळून हसली आणि त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"अक्का, स्वल्प परत हसा."

त्यानं शिडी लावून वरच्या फळीवरचा एक जबडा उतरवला, धूळ फुंकली. पुढचा दात शेजाऱ्यावर चढलेला, हुबेहूब हिच्यासारखा. खाली पेन्सिलीनं नाव होतं माझ्या सासऱ्यांचं!

ही चार वर्षांची असताना ते गेले. घरात त्यांचा एकच फोटो, त्यातही ओठ घट्ट मिटलेले.

"बाबा हसायचे?" हिनं विचारलं.

"दाढ काढतानासुद्धा! चेहरे विसरतो मी अक्का, हसू नाही."

"मला द्याल हे?"

म्हाताऱ्यानं साचा छातीशी धरला. बराच वेळ फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग वाटीत गुलाबी लगदा कालवत म्हणाला, "आ करा."

निघालो तेव्हा हिचे बाबा हिच्या पदरात होते आणि त्यांच्या जागी फळीवर हिचा ओला जबडा वाळत होता.