लाल दोऱ्याचा पेन ड्राइव्ह

मामा गेल्यावर त्याचं टायपिंगचं दुकान आवरताना लाल दोरा बांधलेला एक पेन ड्राइव्ह सापडला, आणि माझ्या प्रबंधाची दुपार आठवली.

तीन वर्षं खपून लिहिलेला प्रबंध छापायला मी सोलापुरात त्याच्याकडे आले होते. दुकानात तापलेल्या कागदाचा वास होता. माझा पेन ड्राइव्ह त्याने कोपऱ्यातल्या, दुसऱ्या कुठल्याच मशीनला न जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरला लावला.

“भाचीवरही संशय?” मी हसत विचारलं.

मामा सांगोल्याकडे मेंढरं राखत वाढलेला. म्हणाला, “बाजारातनं आणलेलं मेंढरू थेट कळपात सोडत्यात व्हय? तू लई शिकलीस, पर हे ऱ्हायलंच की.”

पडद्यावर माझ्या फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसले. कॉलेजच्या लॅबमधून व्हायरस आला होता. दुसरी प्रत नव्हती.

तासाभरात मामाने व्हायरस काढला, लपलेला प्रबंध परत आणला आणि तपासल्याची खूण म्हणून लाल दोरा बांधला.

आज सापडलेला पेन ड्राइव्ह मात्र त्याचा स्वतःचा होता, दोराही त्यानेच बांधलेला. तरी मी तो आधी जुन्या कॉम्प्युटरलाच लावला. तो निरोगी निघाला. आत माझ्या प्रबंधाची प्रत होती, मामाने माझ्या नकळत जपून ठेवलेली.