भागोजीच्या पाठीवरचं कारण

बोर्ली पंचतनहून दिवेआगरला रोज पहाटे सायकलवरून पाव नेणारा माणूस व्यायाम करतो, असं कोणी म्हणत नाही. भागोजी हे एकतीस वर्षं करत आला होता. कॅरियरला पत्र्याची पेटी, पेटीत पावाच्या लाद्या, हँडलला रबरी भोंगा. सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं. दिवेआगरला पर्यटकांसाठी घरोघरी खोल्या निघाल्या तेव्हा लाद्या दुप्पट झाल्या, सायकल तीच राहिली.

अशाच खोल्या असलेल्या एका घराच्या अंगणात त्याला निकेत भेटला. पनवेलचा तरुण, अंगात घट्ट जर्सी, हातात पत्रकं. पालीहून दिवेआगरपर्यंत सायकल फेरी निघणार होती, नव्वदेक किलोमीटरची.

"काका, तुम्ही पण या ना. तुमचा तर रोजचा सराव आहे."

"कशासाठी काढलीय?"

"कॅन्सरच्या संशोधनासाठी निधी गोळा करतोय आम्ही."

"काय शोधनार?"

निकेतनं हातातल्या पत्रकाकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला जर्सीवाल्यांपैकी कोणी विचारला नव्हता. "म्हणजे... कॅन्सर का होतो, बरा कसा करायचा, ते."

यातल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर भागोजीकडे होतं. ते त्यानं तिथं दिलं नाही. "येतो," एवढंच म्हणाला आणि पाव मोजून दिले.

अर्ज मोबाइलवर भरायचा होता, म्हणून तो प्राप्तीकडे गेला. प्राप्ती त्याची एकुलती मुलगी, दोन आळ्या सोडून दिलेली, गावातच आशा सेविका. दारोदार जाऊन तंबाखूचे दुष्परिणाम सांगणं हा तिच्या कामाचा भाग. गावातल्या बायका तिचं सगळं ऐकून घेत आणि ती फाटकाबाहेर पडली की मशेरीची डबी काढत.

"रक्तगट?"

"लाल."

"बाबा, नीट सांगा."

रक्तगट तिनंच शोधून भरला. टी-शर्टचं माप भरलं. पुढच्या रकान्यात लाल चांदणी होती, म्हणजे तो सोडून पुढे जाता येत नव्हतं. सहभागी होण्यामागचं तुमचं वैयक्तिक कारण, पन्नास शब्दांत.

"काय लिहू?"

"लिही, तुज्या आयसाठी."

"हे दोनच शब्द झाले. अजून?"

भागोजीनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर प्राप्तीच्या आईचा, गोदूचा फोटो नव्हता. प्राप्तीनं तो या घरात लावलाच नव्हता. "तुला काय सुचंल ते लिही," तो म्हणाला.

प्राप्तीला सुचलं. तिनं झरझर टाइप केलं आणि बटण दाबलं. काय लिहिलं ते त्यानं विचारलं नाही.

गोदूला मशेरी लागायची, यात विशेष काही नव्हतं. आळीतल्या सगळ्याच बायकांना लागायची. सकाळी उठल्यावर बोटानं दातांना लावली की मग दिवस सुरू. विशेष होती ती गोदूची मशेरी. घरी तव्यावर तंबाखू भाजली की ठसका लागून शेजारची पोरं रडतात, आणि एवढं करून एक बाजू करपते, दुसरी कच्ची राहते. भागोजीनं लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी यावर इलाज काढला. तो कामाला होता त्या बेकरीतला शेवटचा घाणा निघाला की भट्टी निवत येते. त्या वेळी एका जुन्या ट्रेमध्ये तंबाखूची पानं पसरून तो आत सरकवायचा. मंद आचेवर सगळीकडून सारखी, काळीभोर, चिमटीत भुगा होणारी मशेरी निघे. मालकाला हे ठाऊक होतं की नाही, ते कोणी विचारलं नाही. पावाला वास येतो, अशी तक्रारही कधी आली नाही.

गोदू ती मशेरी आळीत मिरवायची. मग शेजारची जनी डबी घेऊन आली. "भावजी, येवडी आमचीबी टाका की आत. तुमची भट्टी काय न्हाय म्हननार हाय?" हळूहळू अर्ध्या आळीची मशेरी पावाच्या मागोमाग भाजून निघू लागली. भागोजी कोणाकडून काही घेत नसे. बायकोचं कौतुक होतंय, हेच त्याला पुरे होतं. गावात त्याच्याइतका बायकोवर जीव असलेला नवरा नाही, असं बायका म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

वादळानं वाड्या झोपवल्या त्याच्या पुढच्या वर्षी गोदूच्या हिरडीला ठणका लागला. दात दुखला की मशेरी दाबून धरायची, हा या गावचा उपाय. दाढेखाली गोळी दाबली की बधिर होतं, बरं वाटतं. भागोजीनं पानं बदलली, कडक तंबाखू आणली, भट्टीत थोडी जास्त वेळ ठेवली. चार महिने त्यानं दुखण्यात तिची अशी मन लावून सेवा केली. मग प्राप्तीनं टॉर्च लावून आईचं तोंड उघडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिला मुंबईला नेलं.

तिकडे अर्धा जबडा काढला, जिभेचाही भाग गेला. डॉक्टरांनी कागदावरच्या तंबाखू या शब्दावर बोट आपटून सांगितलं. गोदूनं मान हलवली. घरी आल्यावर ती दुधात कुस्करलेला पाव खायची, नंतर तोही जाईना, नळी बसली. दहा महिन्यांनी दुखणं परत वर आलं, आणि यावेळी डॉक्टरांनी बोट आपटलं नाही. घरी न्या, म्हणाले.

घरी तिसऱ्या दिवशी गोदूनं भागोजीला जवळ बोलावलं. बोलता येत नव्हतं. तिनं बोट उरलेल्या दातांवरून फिरवून दाखवलं.

"न्हाय," भागोजी म्हणाला.

तिनं पुन्हा बोट फिरवलं. उभ्या आयुष्यात गोदूनं कधी साडी मागितली नव्हती, मुंबई दाखवा म्हटलं नव्हतं. तिसऱ्यांदा बोट फिरलं तेव्हा भागोजी उठून बेकरीत गेला.

ती डबी आठवडाभरानं प्राप्तीला उशीखाली सापडली.

"कोणी दिली?" तिनं आईला विचारलं. भागोजी दाराशी उभा होता. गोदूनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला.

प्राप्ती म्हणाली, "मी गावाला सांगत फिरते. तुझ्यासाठी मुंबईला हॉस्पिटलच्या फरशीवर झोपले. आणि तुला ही डबी हवी? मर मग." आणि ती उठून गेली. भागोजी दाराशी उभा राहिला. खरं सांगायला त्या वेळी फार तर दोन शब्द लागले असते. ती परत आली तेविसाव्या दिवशी, तेव्हा गोदूला अंगणात आणलेलं होतं.

पालीला फेरीच्या सकाळी सगळ्यांनी बल्लाळेश्वराला हात जोडले, झेंडा दाखवायला पुढारी अर्धा तास उशिरा आले आणि फेरी निघाली. प्रत्येकाच्या पाठीवर एक छापील फलक बांधला होता. अर्जातलं कारण त्यावर होतं, म्हणजे मागून येणाऱ्याला वाचता यावं. स्वतःच्या पाठीवर काय आहे तेवढं कोणाला दिसत नव्हतं. भागोजीची सायकल त्या मेळ्यात म्हशीसारखी दिसत होती, पण माणगावच्या पुढच्या चढावर लाखभर रुपयांच्या सायकली हाताला धरून लोक चालू लागले, तेव्हा म्हैस त्यांच्यामधून निमूट वर गेली. मागून एक बाई म्हणाल्या, "फार सुंदर लिहिलंय तुम्ही. वाचून रडू आलं." भागोजीनं मान हलवली.

शेवटचा थांबा बोर्ली पंचतनला होता. शाळेच्या मैदानात मांडव, लिंबूपाणी, आणि एका टेबलावर आशा सेविका तोंड तपासायला बसलेल्या. त्यात प्राप्ती. भागोजीच्या आळीतल्या बायका मांडवात सावलीला बसल्या होत्या, जनी पुढेच. निकेतनं माइक घेतला.

"आणि हे तुमच्याच गावचे भागोजी काका! यांच्या पाठीवरचं मी वाचून दाखवतो." त्यानं भागोजीला खांद्याला धरून पाठमोरा केला. "'माझी पत्नी गोदावरी. उपचार मिळाले, घरच्यांनी जिवाचं रान केलं, पण तिनं शेवटपर्यंत तंबाखू सोडली नाही. तिनं आमच्यापेक्षा मशेरी निवडली. दुसऱ्या कोणाच्या आईनं असं करू नये, म्हणून मी सायकल चालवतोय.'"

टाळ्या झाल्या. गावकऱ्यांकडे पाठ करून उभा असलेला भागोजी वळला. त्यानं माइक मागितला नाही, निकेतच्या हातातूनच तोंडाजवळ ओढला.

"हे खोटं हाय," तो म्हणाला. "मशेरी मी भाजून देत व्हतो. बेकरीत. हिरडी दुखत व्हती तवा जास्त कडक दिली. डाक्तरनं न्हाय म्हटल्यावर पन मीच दिली. तिनं अंगावर घेतलं." मग त्याला बायका दिसल्या. "जने, तुजी पन मीच भाजतो. टेबलाकडं जा, तोंड दाखव."

जनीनं पदर तोंडावर घेतला. मग माइकवर कोणी बोलून थांबलं की वाजवायच्या असतात म्हणून, टाळ्या वाजल्या.

टेबलामागची प्राप्तीची खुर्ची रिकामी होती.

भागोजीनं सायकल फाटकाकडे वळवली. निकेत धावत आला. "काका, सहाच किलोमीटर राहिलेत! समुद्रावर मेडल द्यायचंय."

"ते सा मी रोज करतो," भागोजी म्हणाला आणि गेला.

बाजाराच्या रस्त्यावर प्राप्ती भरभर चालत होती. त्यानं तिला गाठलं आणि सायकल हातात धरून बाजूनं चालू लागला.

"तेवीस दिवस," प्राप्ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, घरोघरची माहिती लिहून घेताना असतो तसा. "मी तिला मर म्हटलं, बाबा."

"म्हाईत हाय."

"तुम्ही दारात होतात."

"व्हय."

"ती विचारायची मला?"

भागोजीला वाटलं, नाही म्हणावं. पण आज एकदा खरं बोलून झालं होतं, आणि खोटं बोलायला लागणारा जोर त्याच्यात उरला नव्हता.

"रोज. दाराकडं बोट करायची."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"पोलिओचा डोस चाललाय म्हनून सांगायचो. गावभर फिरतीय, मोकळी झाली की येतेच म्हनायचो."

प्राप्ती थांबली. रस्त्याच्या कडेला दुकानाच्या पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. दुकानदारानं बाहेर डोकावून पाहिलं आणि परत आत गेला.

"आणि तिला ते खरं वाटायचं?" हातांच्या आडून तिनं विचारलं.

"व्हय," भागोजी म्हणाला. "मान हलवायची. मंग म्हनायची, हातानंच, तिला जेवायला ठेव."