इसार घेतल्यावर

"आता माल कोणाचा?" इसाराचे पैसे हातात पडले की ती हे विचारायची. उत्तर माझ्याच तोंडून वदवून घ्यायची. मी म्हणायचो, माझा. मग ती हातातला विळा खाली ठेवून बांधावर जाऊन बसायची.

अर्धापूरकडची केळी मी कित्येक वर्षं घेतो. उभी बाग ठरवायची, इसार द्यायचा, घड उतरवून ट्रक भरायचा. तुम्ही हा व्यवहार पाहिला असेल तर हेही पाहिलं असेल, की घरची माणसं न सांगता घड वाहायला लागतात. पोरंसुद्धा. मजूर कमी लागतात. भाव बोलताना मी ते धरूनच बोलतो.

तिच्या बागेत पहिल्यांदा गेलो तेव्हा तिची बारा वर्षांची मुलगी शाळेतून येऊन बागेतलं गवत काढत होती. हात चपळ. मी मनातल्या मनात एक मजूर कमी केला. सौदा झाला आणि तिने मुलीला हाक मारली, "चल गं, हात धू."

मी भडकलो. शेत तुमचं, पोरगी तुमची, मग अडचण काय? तिने शाळेतल्या पालकसभेत ऐकलं होतं: चौदाच्या आतल्या लेकराने शाळा सुटल्यावर घरच्या शेतात हातभार लावला तर चालतो, दुसऱ्याच्या कामाला लावायचं नाही.

"घड माझे होते तवर तिनं काम केलं," ती म्हणाली. "आता घड तुमचे हायेत. उचलले तर ती तुमची मजूर झाली."

मी म्हणालो, तिच्या वयाचा असताना मी घड वाहिले, म्हणून आज व्यापारी आहे. माझं काय बिघडलं?

तिने मला नीट न्याहाळलं. "डावा खांदा खाली हाय तुमचा, शेठ."

माझी माणसं हसली. ते हसू मी अजून विसरलेलो नाही. ट्रक उशिरा निघाला, तेही नाही.

तरी दर वर्षी तिथेच जायचो, कारण तिच्या घडावर डाग नसायचा. दर वर्षी तेच भांडण. बांधावरून ती माझ्या माणसांना पाणी द्यायची, मलाही द्यायची. घडाला मात्र बोट लावायची नाही. मुलगी शेजारी पुस्तक उघडून बसलेली.

यंदा सौद्याला मुलगीच पुढे आली. आई उन्हाळ्यात गेली. मुलगी आता नांदेडला कॉलेजात शिकते. इसार घेऊन तिने विचारलं, "माल कोणाचा?"

"माझा."

विळा तिने खाली ठेवला नाही. "मग माझी मजुरी बोला, शेठ. अठरा सरली मला."

मग तिनेच आकडा सांगितला. तो ऐकून मी तापलो. हिच्या आईलाच विचारतो म्हणून तरातरा बांधाकडे वळलो.

बांधावर पाण्याची कळशी तेवढी होती.