मोटंवरचा रेडिओ

देवानं माझा गळा घाईत केला. मी मोटंवर गानं धरलं की शेजारच्या रानातल्या बाया इचारायच्या, "सांगलीच्या बाजारातलं गाढव हिकडं कवा आलं गं?" गानं बी माझंच, चार वळींचं.

चल माझ्या राजा, हळद तान्हेली,
कारभारीन माझी बांदावर रुसली, हेऽऽऽ!

फुडच्या दोन वळी चारचौघांत सांगायजोग्या न्हाईत.

बैलं उतारानं खाली निघाली की मी नाड्यावर, मोटंच्या जाड दोरावर, बसून गायचो. मोट वर येऊन पानी पाटाला लागलं की लांब 'हेऽऽऽ' द्यायचो. मग बैलं मागं मागं सरत हिरीपाशी यायची आन मोट परत पान्यात.

मोठ्या दुष्काळानंतरचा उन्हाळा हुता. मेव्हना पलटनीतनं सुट्टीवर आला, संगं रेडिओ! मला येड लागायचं बाकी राह्यलं. त्या दिवशी हिरीवर माझी पाळी हुती, दुपारपतोर. मग चुलत्याची. माझी पाळी परत चार दिसांनी. हळद नुकती लावलेली, आज पानी न्हाई मिळालं तर समदी करपनार.

मी म्हनलं, "आज रेडिओ गाईल, मी नवाब!" बाभळीला रेडिओ टांगला, बायापोरं जमली, मी ऐटीत नाड्यावर बसलो. बैलं निघाली. मोट निम्मी वर आली आन रेडिओतल्या बाईनं लांबच्या लांब तान घेतली.

बैलं थांबली. आन निघाली मागं!

मोट धबाकदिशी हिरीत, आन मी नाड्यावरनं तोंडघशी शेनात. पुन्यांदा हाकली, पुन्यांदा तान, पुन्यांदा मी शेनात. पाटात टिपूस न्हाई. ऊन डोक्यावर चढाय लागलं.

चुलता बिडी वडत म्हनला, "लेका, त्या बाईचा गळा मदावानी हाय, पन तुजा उतार कुटं सपतोय, ते तिला काय ठावं?"

"मग मी गाऊ व्हय? मेव्हन्याम्होरं?"

कारभारीन बांदावरनं वरडली, "आवं, गा की! हळद लाजून पिवळी व्हनार हाय का तुमच्या गान्यानं?"

रेडिओ बंद केला. डोळं मिटलं. धरला सूर, म्हंजे सुटला तो सूर. बैलांनी कान टवकारलं आन गड्या, अशी निगाली जनू लगनाची वरात! मोट भरभरून वर. पाट वाहाय लागला. दुसऱ्या खेपंला बायांनी 'हेऽऽऽ' उचलला, तिसरीला चुलत्यानं घमेलं बडवलं, चवथीला मेव्हना इस्त्रीच्या प्यांटीवर नाचाय लागला. माझा गळा फाटला, पन आज फाटका बी चालत हुता! दुपार व्हायला आन पानी शेवटच्या सरीत शिराय एकच गाठ पडली.

बैलं सोडून बाभळीखाली वैरन टाकली. मेव्हना म्हनला, "दाजी, आनखी एकडाव म्हना की."

माझं गानं पुन्यांदा म्हन, असं जल्मात कुनी म्हनलं नव्हतं. मी तिथंच पाटाच्या कडंला हुबा राह्यलो, छाती फुगवली आन असा 'हेऽऽऽ' दिला की बस!

माझ्याकडं पाठ करून वैरन खानारी बैलं इमानदारीत मागं सरली, आन त्यांच्या बुडांनी मला पाटात बसवलं.

भिजलो, पन गानं थांबवलं न्हाई. चुलता तवर आपली बैलं जुपायचं इसरून घमेलंच बडवत हुता.