रिकामं आवर्तन

शिलाईवाल्या वहिनींना माहेरून दोन गोष्टी मिळाल्या नव्हत्या: गळा आणि गप्प बसण्याची सवय. गळा सासूबाईंनी घडवला. दुसऱ्या बाबतीत त्यांनीही हात टेकले.

सासूबाईंचा खजिना म्हणजे कर्नाटक संगीतातल्या देवीवरच्या रचना, त्यांच्या भाषेत 'कृती'. वहिनी मशीनवर कॉलर लावायच्या आणि सासूबाई आतल्या खोलीतून, खाटेवर बसून शिकवायच्या. "देवीला हाक मारतेस की भंगारवाल्याला?" हे त्यांचं प्रेमळ मार्गदर्शन.

त्यातल्या एका कृतीत मधल्या भागात, अनुपल्लवीत, सूर वर चढायचा आणि सासूबाई एकदम थांबायच्या. तोंड बंद, मांडीवर तालाचा हात चालू. तालाचं अख्खं आवर्तन रिकामं जायचं, मग पुढची ओळ. वहिनींनी तेही जसंच्या तसं उचललं. कुणी विचारलं तर सांगायच्या, "तिथे देवी येऊन बसते. बसायला वेळ नको का?"

सासूबाई गेल्या. नंतर वहिनी ती कृती गायला लागल्या, की त्या रिकाम्या आवर्तनात आतल्या खोलीतून श्वास ओढल्याचा आवाज यायचा. लांब, घरघरता. पहिल्यांदा आला तेव्हा वहिनींनी सुई बोटात घुसवून घेतली. पुढे सवय झाली. मेल्यावरही सुनेवर लक्ष ठेवणारी सासू, त्यात नवल ते काय? रोज संध्याकाळी मशीन झाकून त्या गायच्या. तेवढीच भेट.

मग वहिनींच्याच हाताखाली शिकलेल्या त्यांच्या लेकीचा गाण्याचा पहिला कार्यक्रम ठरला. तालमीला मृदंगवाले काका घरी आले. अनुपल्लवीत लेक थांबली आणि काकांचा हात हवेतच राहिला.

"विसरलीस का गं?"

"नाही काका, हे असंच आहे. इथे देवी बसते."

काका वहिनींकडे वळले. "अहो, देवी कसली? तुमच्या सासूबाईंना दमा होता. वर चढलं की धाप लागायची. मी साथ केलीय त्यांना. भर सभेत पोर अशी थांबली, तर गाणं संपलं समजून लोक चपला शोधायला लागतील."

इतकी वर्षं आपण दम्याला देवी म्हणून पुजत होतो, हे पचवायला वहिनींना जरा वेळ लागला.

"आई, मग काय करू?" लेकीने विचारलं. "तू सांगशील तसं."

वहिनींनी आतल्या दाराकडे पाहिलं. ते आवर्तन भरलं, तर सासूबाईंनी यायचं कुठून? पण लेक तोंडाकडे बघत उभी होती.

"काका म्हणतात तसं. सलग म्हण."

लेकीने सलग म्हटलं. सूर चढला, ओळीला ओळ लागली, मृदंग खुशीत घुमला. वहिनी कान आतल्या खोलीला लावून बसल्या होत्या. आतून काही आलं नाही. गाणं संपलं तरी आलं नाही.

त्या उठून आत गेल्या. खाटेवर शिवायला आलेल्या कापडांचा ढीग होता. तो सरकवून कडेला टेकल्या.

"झालं हो बरोबर," त्या हळूच म्हणाल्या. "आता काढा की काहीतरी खोट."

कुणी काढली नाही.