डब्यातल्या बांगड्या

एरंडोलहून सकाळी जळगावला जाणाऱ्या एसटीत ती रोज माझ्या पुढच्या बाकावर बसायची. पाळधी मागे पडली की हातांतल्या हिरव्या बांगड्या काढून पत्र्याच्या लहानशा डब्यात ठेवायची. केळीची रोपे तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. बरणीतला कोंब पात्याने कापायचा, एकाचे दोन, दोनाचे चार करायचे. आमच्याकडची कितीतरी केळी अशा रोपांवर उभी आहे. विज्ञानाच्या हिशेबात मात्र हे हात सहसा कोणी धरत नाही.

एकदा डोळे दाखवायला निघालेली तिची सासू शेजारी होती. म्हातारीचे कपाळ मोकळे, हातही मोकळे. सून बांगड्या काढू लागताच ती कडाडली, "काय करी राह्यनी व? मना पोऱ्या जित्ता शे ना!"

"शे ना, आत्याबाई. पन बांगडीनी घान लागनी, ते बरनीमधला कोंब मरी जास."

"मंग उद्यापाइन घरमा बस."

"घर बसनू, ते मना कोंबले कोन देखी?"

एवढे बोलून सुनेने उरलेल्या बांगड्याही काढल्या. जळगावला उतरताना म्हातारीने तो डबा तिच्या हातून ओढून घेतला, बांगड्या आपल्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि म्हणाली, "सांजले मीच भरसू तुना हातमा."

विधवेने सुवासिनीला बांगड्या भरू नयेत, असे आमच्याकडे मानतात. ते त्या दोघींनाही ठाऊक असणार.