चौकातले आप्पा

शिरूर-दौंडकर मित्रांनो, घरी जाववेना, म्हणून सायबर कॅफेत बसून लिहितोय.

मी नगरपालिकेत ट्रॅफिक सिग्नल दुरुस्तीला आहे. खोदकामात केबल तुटून बाजाराजवळचा सिग्नल बंद पडला होता. नवी केबल यायच्या आधीच, तळेगाव ढमढेऱ्याहून भाजी विकायला आलेल्या एक बाई तिथं ट्रकखाली गेल्या.

आज सिग्नल चालू केला. लाल दिवा लागला, गाड्या थांबल्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ उभे होते.

"आप्पा, पलीकडं जायचंय का?"

"न्हाई. माझी मंडळी हितंच गेली," ते म्हणाले. "आता थांबत्यात की वो समदी. तवा का न्हाई थांबली?"

हात धरून त्यांना एसटीत बसवून आलो.

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?